माजी अध्यक्षाचीं सतरा वर्षें

अधिकाराच्या शिखरावरून खालीं उतरल्यावर माणसानें पुढें काय करावें, हा प्रश्न सर्व देशांत आणि सर्व काळीं अवघडच ठरला आहे. राजा मरेपर्यंत राजाच असतो, तेव्हां त्याला ही अडचण भासत नाहीं. परंतु लोकांनीं चार वर्षांपुरता निवडलेला अध्यक्ष पांचव्या वर्षीं कोण असतो? अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वॉशिंग्टन आपल्या शेतीवाडीकडे परतला, जेफर्सननें विद्यापीठ उभारलें, मॅडिसन मळ्यावरच्या घरांत जुने कागद नीट लावीत बसला. सहावा अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यानें मात्र एक निराळीच गोष्ट केली. अध्यक्षपद गेल्यावर दोन वर्षांच्या आंत त्यानें एका लहानशा मतदारसंघांतून निवडणूक जिंकली, कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहांत, म्हणजे प्रतिनिधिगृहांत, साध्या सभासदाची जागा पत्करली, आणि सतरा वर्षांनंतर मृत्यूनेंच त्याला तेथून उठविलें. त्याच्यापूर्वीं कोणा माजी अध्यक्षानें असें केलें नव्हतें, आणि त्याच्यानंतरही त्या सभागृहाची निवडणूक कोणा माजी अध्यक्षानें जिंकलेली नाहीं. आज आपणांपुढें त्याचें चरित्र सांगावयाचें तें मुख्यतः या सतरा वर्षांसाठीं.

जॉन क्विन्सीचा जन्म ११ जुलै १७६७ रोजीं मॅसॅच्युसेट्स वसाहतींतील ब्रेनट्री या गांवीं झाला. बाप जॉन ॲडम्स हा स्वातंत्र्याच्या चळवळीचा पुढारी व पुढें देशाचा दुसरा अध्यक्ष. आई ॲबिगेल ही बुद्धीनें व करारीपणानें नवऱ्याच्या तोडीची. १७ जून १७७५ रोजीं बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली, तेव्हां आठ वर्षेंही पुरीं न झालेल्या या मुलाला घेऊन ती घराजवळच्या टेकडीवर चढली. दूरवर चार्ल्सटाउन गांव जळत होतें आणि तोफांचे आवाज ऐकूं येत होते. या लढाईंत डॉक्टर वॉरन मारला गेला. मुलाचें मोडलेलें बोट कापण्याची पाळी आली असतां तें ज्यानें वांचविलें होतें तोच हा वॉरन. स्वातंत्र्य म्हणजे काय हें त्या मुलाला पुस्तकांतून शिकण्याची गरज उरली नाहीं. दहाव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्र ओलांडून फ्रान्सला गेला. चौदाव्या वर्षीं रशियाच्या दरबारीं धाडलेल्या अमेरिकन वकिलाचा चिटणीस व फ्रेंच दुभाष्या म्हणून सेंट पीटर्सबर्गला पोंचला. बाराव्या वर्षीं त्यानें रोजनिशी लिहावयास घेतली. ती त्यानें मरेपर्यंत, सुमारे अडुसष्ट वर्षें, चालविली, आणि तिचे एक्कावन्न खंड झाले. ही रोजनिशी आपण ध्यानांत ठेवावी; या चरित्राची खरी किल्ली तिच्यांतच आहे.

पुढच्या तीस वर्षांचा प्रवास भरभर सांगतों. वॉशिंग्टननें त्याला सव्विसाव्या वर्षीं हॉलंडचा वकील नेमिलें. नंतर प्रशिया, मग वरिष्ठ सभागृहांत मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधि. तेथें एक प्रसंग असा घडला कीं, पुढच्या माणसाची ओळख त्यावरूनच पटावी. १८०७ सालीं अध्यक्ष जेफर्सननें परदेशांशीं होणारा व्यापार बंद ठेवण्याचा कायदा आणला. मॅसॅच्युसेट्सच्या जहाजवाल्यांचें त्यांत दिवाळें निघणार होतें आणि ॲडम्सचा स्वतःचा पक्ष त्याच्या कट्टर विरुद्ध होता. देशाच्या हिताला तो कायदा अवश्य आहे असें वाटल्यामुळें ॲडम्सनें त्याला मत दिलें. पक्षानें मुदत संपण्याच्या पुष्कळ आधींच त्याच्या जागीं दुसरा माणूस निवडून ठेविला. ॲडम्सनें १८०८ च्या जूनमध्यें राजीनामा दिला. मग पुन्हां रशिया, १८१४ सालीं गेंट येथें इंग्लंडशीं झालेला तह, नंतर लंडनची वकिली, आणि १८१७ पासून आठ वर्षें अध्यक्ष मन्रो याचें परराष्ट्रमंत्रिपद. स्पेनकडून फ्लॉरिडा मिळविणें, देशाची सरहद्द पॅसिफिक महासागराला भिडविणें, आणि युरोपांतील सत्तांनीं अमेरिका खंडांत नव्या वसाहती करूं नयेत हें जें धोरण १८२३ मध्यें मन्रोच्या नांवानें जाहीर झालें तें घडविणें, हीं त्याचींच कामें. अमेरिकेला इतका समर्थ परराष्ट्रमंत्री क्वचितच लाभला असेल.

परंतु या कर्तबगारीच्या आड एक गोष्ट दडलेली होती. १८१९-२० मध्यें मिसूरी हा प्रांत संस्थान म्हणून संघराज्यांत यावा, पण तेथें गुलामगिरी असावी कीं नसावी, यावर देश दुभंगला. अखेर तडजोड झाली. मिसूरीला गुलाम ठेवण्याची मोकळीक, त्याच्या बरोबरीनें मेन हें गुलामगिरीमुक्त संस्थान, आणि पश्चिमेकडील प्रदेशांत गुलामगिरीची उत्तर सीमा. या सुमारास एके दिवशीं मंत्रिमंडळाची बैठक आटोपून ॲडम्स आणि युद्धमंत्री कॅलहून हे दोघे बोलत बोलत घरीं चालले होते. कॅलहून दक्षिणेकडचा. त्यानें कबूल केलें कीं, ॲडम्सचीं समतेचीं तत्त्वें उदात्त आहेत. मात्र आमच्याकडे तीं फक्त गोऱ्यांसाठीं समजतात, आणि घरकाम काळ्यांनींच करावयाचें असल्यामुळें गोऱ्यांमध्यें समता टिकते. ॲडम्सनें घरीं येऊन हें सर्व रोजनिशींत उतरविलें. गुलामगिरीनें मालकाच्या बुद्धीलाही कीड लागते, आणि हें संघराज्य कधीं फुटावयाचेंच असेल तर याच प्रश्नावर फुटावें, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. आणि वही मिटली. बाहेर त्यानें तडजोडीलाच पाठिंबा दिला. इतकेंच नव्हे, १८१२ च्या युद्धांत इंग्रजांनीं जे गुलाम पळवून नेऊन मुक्त केले, त्यांची भरपाई मालकांना मिळावी म्हणून इंग्लंडशीं भांडला तो हाच ॲडम्स. त्याच्या पदाचें तें काम होतें हें खरें. पण ज्या हातानें रोजनिशी लिहिली त्याच हातानें ते खलितेही लिहिले, हें चरित्रकारानें झांकूं नये.

१८२४ च्या अध्यक्षीय निवडणुकींत जॅक्सनला ९९ मतें, ॲडम्सला ८४, क्रॉफर्डला ४१ आणि क्लेला ३७ मिळालीं. कोणालाच निम्म्याहून अधिक मतें नसल्यानें निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथें क्लेनें आपलें वजन ॲडम्सच्या पारड्यांत टाकलें. १३ संस्थानांच्या मतांनीं ॲडम्स अध्यक्ष झाला आणि त्यानें क्लेला परराष्ट्रमंत्री केलें. दोघांत सौदा झाला अशी हाकाटी उठली. सौद्याचा पुरावा कधीं पुढें आला नाहीं, पण ती नेमणूक करण्यांत ॲडम्सनें व्यवहाराचें भान ठेविलें नाहीं एवढें निश्चित. पुढचीं चार वर्षें गेलीं तीं या एका आरोपाच्या सावलींत. पहिल्याच संदेशांत त्यानें रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ आणि वेधशाळा यांची मागणी केली. युरोपांत शंभरांवर वेधशाळा असतां आपल्याकडे एकही नाहीं, असें सांगून त्यानें वेधशाळांना आकाशाचे दीपस्तंभ म्हटलें, आणि वर्तमानपत्रांनीं त्या शब्दांची मनसोक्त थट्टा केली. मतदारांच्या मर्जीला भिऊन आपण लुळे पडूं नये, असेंही त्यानें कायदेमंडळाला सुनावलें. निवडणुकीचें राजकारण करणाऱ्यानें हें वाक्य उच्चारणें म्हणजे आपल्या हातानें आपली फांदी तोडणें होय. पहांटे उठून, बायबल वाचून, उन्हाळ्यांत पोटोमॅक नदींत पोहून हा तुसडा, विद्वान गृहस्थ कामाला बसे; लोकांत मिसळणें त्याला जमत नसे, आणि आपला स्वभाव थंड व कठोर आहे हें त्यानें रोजनिशींत स्वतःच नमूद केलें आहे. १८२८ मध्यें जॅक्सनला १७८ मतें पडलीं, याला ८३.

जॅक्सनच्या शपथविधीला तो गेला नाहीं. दोन महिने उलटतात न उलटतात तोंच थोरला मुलगा जॉर्ज आगबोटीवरून समुद्रांत पडून बुडाला. त्यानें जीव दिला असावा असाच बहुतेकांचा समज झाला. बासष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर हा मनुष्य क्विन्सी येथें बापाच्या घरीं झाडें लावीत आणि ग्रंथ चाळीत बसला. तोंच १८३० सालीं प्लिमथ मतदारसंघांतील कांहीं मंडळींनीं त्याला उभें राहण्याविषयीं विचारलें. माजी अध्यक्षाला हें पद कमीपणाचें तर वाटणार नाहीं ना, अशी शंका त्यांनींच काढली. ॲडम्सनें सांगितलें कीं, लोकांनीं निवडलें तर प्रतिनिधीचेंच काय, गांवच्या पंचाचें काम केल्यानेंही कोणाला कमीपणा येत नाहीं. बायको लुइसा आणि मुलगा चार्ल्स यांना हें मुळींच रुचलें नाहीं. निवडून आल्यावर मात्र त्यानें रोजनिशींत लिहिलें कीं, अध्यक्ष झालों तेव्हांही याच्या निम्मा आनंद झाला नव्हता.

१२ डिसेंबर १८३१ रोजीं त्यानें सभागृहांत पहिलें काम केलें तें पंधरा अर्ज सादर करण्याचें. ते पेन्सिल्व्हेनियांतील नागरिकांचे होते आणि राजधानीच्या जिल्ह्यांतील गुलामगिरी व गुलामांचा व्यापार बंद करावा अशी त्यांत विनंती होती. संस्थानांच्या आंतील गुलामगिरीला हात लावण्याचा अधिकार घटनेनें कायदेमंडळाला दिलेला नाहीं, असें त्या काळीं बहुतेक सर्व मानीत. परंतु राजधानीचा जिल्हा थेट कायदेमंडळाच्या ताब्यांत असल्यामुळें अर्जदारांचा रोख तेथें असे. अर्ज देऊन ॲडम्सनें लगेच सांगून टाकलें कीं, व्यापाराचा विचार करावा, पण गुलामगिरी बंद करण्याच्या मागणीला आपला पाठिंबा नाहीं. म्हणजे अर्ज त्याला पटलेले नव्हते. तरी त्यानें ते आणले, कारण अर्ज करणें हा नागरिकाचा हक्क आणि तो पोंचविणें हें प्रतिनिधीचें कर्तव्य. पुढचें सारें रामायण या एवढ्याशा बीजांतून उगवलें.

त्या वेळीं देशांत सुमारे वीस लक्ष गुलाम होते. त्यांना मत नव्हतें, पण प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलामांचीं तीन माणसें धरीत, आणि त्या हिशोबाचा लाभ मालकांच्या संस्थानांना मिळे. गुलामांच्या वतीनें बोलणारे कोण, तर उत्तरेकडील क्वेकर पंथाचे लोक, धर्मोपदेशक, छापखानेवाले, आणि दारोदार हिंडून सह्या गोळा करणाऱ्या हजारों स्त्रिया. १८३३ मध्यें गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन झाल्यावर अर्जांचा नुसता पूर लोटला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील ज्या सज्जनांना अर्पण केलें, त्यांच्यांत या सह्या गोळा करणाऱ्यांची आठवण आपण अवश्य ठेवावी. युद्ध फार पुढें आलें, आरंभ या कागदांनीं झाला होता.

दक्षिणेकडील सभासदांना हा पूर सहन होईना. २६ मे १८३६ रोजीं त्यांनीं उत्तरेकडील कांहीं सभासदांच्या मदतीनें असा ठराव आणला कीं, गुलामगिरीविषयींचा कोणताही अर्ज छापूं नये, समितीकडे पाठवूं नये, त्यावर चर्चा करूं नये. तो आला तसा बाजूला पडावा. अमेरिकन लोकांनीं याला मुस्कटदाबीचा नियम असें नांव ठेविलें आणि तें इतिहासांत कायम झालें. ॲडम्स बोलावयास उठला. सभापति पोक यानें त्याला बोलूं दिलें नाहीं. माझें तोंड बांधलें आहे कीं नाहीं, असा त्यानें उघड सवाल केला. मतासाठीं नांव पुकारलें गेलें तेव्हां होय-नाहीं म्हणण्याऐवजीं त्यानें ओरडून सांगितलें कीं, हा ठराव घटनेचा, या सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्काचा भंग आहे. गोंगाटांत त्याचे शब्द बुडाले. ११७ विरुद्ध ६८ मतांनीं ठराव पास झाला.

येथें मालकवर्गाची मोठी चूक झाली, असें मला वाटतें. अर्ज स्वीकारून कपाटांत टाकले असते तर ते धूळ खात पडले असते. अर्जाला बंदी केल्यानें प्रश्न केवळ काळ्या गुलामांचा राहिला नाहीं, तो गोऱ्या नागरिकाच्या जिभेचा झाला. ज्याला गुलामांविषयीं कळवळा नव्हता त्यालाही आपलें तोंड कोणी दाबावें हें मानवणारें नव्हतें. ॲडम्सनें हें तत्काळ ओळखलें. ठराव प्रत्येक अधिवेशनांत नव्यानें पास करावा लागे. तो होईपर्यंतच्या फटींत हा म्हातारा अर्जांचा गठ्ठा काढून एकेक नांव वाचूं लागे. सभापति थांबवी, तो नियमावर शंका विचारी. शंकेवर निर्णय मिळे, तो निर्णयावर वाद घाली. सभेचे नियम त्याला जितके तोंडपाठ होते तितके कोणालाच नव्हते. जिवें मारण्याच्या धमक्यांचीं पत्रें टपालानें येत आणि तो तीं जपून ठेवी.

६ फेब्रुवारी १८३७ रोजीं तर त्यानें कहर केला. माझ्यापाशीं बावीस गुलामांचा म्हणून आलेला एक अर्ज आहे, तो या नियमाखालीं येतो काय, असें त्यानें सभापतीला अत्यंत नम्रपणें विचारलें. सभागृहांत भडका उडाला. गुलामाचा अर्ज! कोणी म्हणे याला हांकलून द्या, कोणी म्हणे तो कागद बाहेर नेऊन जाळा. निषेधाचे ठराव एकामागून एक लिहिले जाऊं लागले. पुष्कळ आरडाओरडा होऊं दिल्यावर ॲडम्सनें शांतपणें सांगितलें कीं, मीं अर्ज सादर केलेला नाहीं, नुसता प्रश्न विचारला आहे. शिवाय त्या अर्जांत गुलामगिरी बंद करा असें नसून उलटच मागणी आहे. विरोधकांचीं तोंडें पाहण्यासारखीं झालीं असतील! कोणी तरी त्याची फजिती करण्यासाठीं तो कागद मुद्दाम धाडिला असावा, अशी त्यालाही शंका होती. परंतु विनोदाच्या मागें त्याचा मुद्दा गंभीर होता. दयेची याचना करण्याचा हक्क अत्यंत दीन माणसालाही असतो. सुलतानसुद्धां तो नाकारीत नाहीं. निषेधाचा ठराव फसला. गुलामांना अर्जाचा हक्क नाहीं असा ठराव मात्र सभागृहानें मोठ्या बहुमतानें करून घेतला.

स्त्रियांच्या अर्जांवरही असाच वाद माजला. टेक्सस हा गुलामांचा प्रदेश देशाला जोडूं नये म्हणून हजारों स्त्रियांनीं अर्ज केले होते. मेरीलंडच्या हॉवर्ड नांवाच्या सभासदानें, स्त्रियांनीं घर सोडून राजकारणांत पडावें हें त्यांना शोभत नाहीं, अशी नापसंती दाखविली. १८३८ च्या जून-जुलैमध्यें, सकाळच्या कामाचा जो थोडा वेळ मिळे तेवढ्यांत, ॲडम्स सुमारे तीन आठवडे रोज यावर बोलत राहिला. बायबलांतील एस्तेर व दबोरा, प्राचीन इतिहासांतील स्त्रिया, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांतील स्त्रिया, साऱ्यांना त्यानें साक्षीला बोलाविलें. मत देण्याचा हक्क स्त्रियांना नाहीं म्हणून अर्जाचाही नाहीं असें म्हणतां. पण मताचा हक्क त्यांना नसावा हें तरी इतकें उघड आहे काय, असेंही त्यानें विचारलें. १८३८ सालीं कायदेमंडळांत हा प्रश्न विचारणारा माणूस एकाहत्तर वर्षांचा होत आला होता.

याच काळांत त्याच्याकडे एक खटला आला. १८३९ सालीं आमिस्ताद नांवाच्या स्पॅनिश गलबतावर क्यूबामध्यें बेकायदा विकलेले त्रेपन्न आफ्रिकन कोंबून नेले जात होते. सिंके नांवाच्या तरुणाच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं बंड करून गलबत ताब्यांत घेतलें. आफ्रिकेकडे जाण्याच्या आशेनें निघालेलें तें गलबत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलें आणि सर्वजण कैदेंत पडले. खालच्या कोर्टानें ते गुलाम नव्हेत असा निकाल दिला, पण अध्यक्ष व्हॅन ब्यूरनच्या सरकारनें वर अपील केलें. कैद्यांचे कैवारी ॲडम्सकडे आले. डोळे अधू, हात कांपतो, त्या श्रेष्ठ न्यायालयांत उभें राहून तीस वर्षें झालेलीं. तो नको नको म्हणत होता आणि शेवटीं हो म्हणाला. २४ फेब्रुवारी १८४१ रोजीं तो चार तासांहून अधिक वेळ बोलला. त्याच रात्रीं एक न्यायाधीश झोपेंतच मरण पावला, म्हणून उरलेलें भाषण त्यानें १ मार्चला पुरें केलें. न्यायालयाच्या भिंतीजवळ स्वातंत्र्याचा जाहीरनामा लावलेला होता. त्याकडे बोट दाखवून त्यानें न्यायाधीशांना विचारलें कीं, यापलीकडे दुसरा कोणता कायदा हवा आहे? बाजू नेटानें मांडण्यांत त्याचा सहकारी बॉल्डविन याचाही मोठा वांटा होता. ९ मार्चला निकाल लागला; कैदी मुक्त झाले. वांचलेले पस्तीसजण त्याच सालच्या अखेरीस आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर चढले. जाण्यापूर्वीं त्यांनीं ॲडम्सला एक बायबल भेट दिलें.

लढाईचा कळस झाला तो १८४२ च्या जानेवारींत. तोंपर्यंत मुस्कटदाबीचा नियम सभागृहाचा कायम नियम होऊन बसला होता. मॅसॅच्युसेट्समधील हेव्हरिल गांवच्या शेहेचाळीस नागरिकांनीं अर्ज केला कीं, हें संघराज्य शांततेनें विसर्जित करावें. ॲडम्सला तें मुळींच मान्य नव्हतें, आणि अर्जदारांना ‘नाहीं’ असें कारणांसह उत्तर द्यावें, अशीच त्यानें सूचना केली. पण विरोधकांना वाटलें, आतां सांपडला. राजद्रोहाला चिथावणी दिल्याचा ठपका ठेवून निषेधाचा ठराव मांडला गेला. सभागृह म्हणजे न्यायालय आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा माजी अध्यक्ष हा आरोपी! त्यानें उठून कारकुनाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा आरंभ वाचावयास सांगितला. जुलमी सरकार बदलण्याचा हक्क जेथें सांगितला आहे त्या ठिकाणीं तो पुन्हां वाच असें ओरडून म्हणाला. वील्ड नांवाचा गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता रात्रीं ग्रंथालयांतून आधार काढून देई आणि ॲडम्स दिवसा गुलामगिरीचीच उलटतपासणी करी. ज्या विषयावर बोलावयास बंदी, त्यावर आरोपीच्या बचावाच्या नांवाखालीं तो दिवसचे दिवस बोलला. दोन आठवड्यांनीं, अजून आठवडाभर लागेल असें त्यानें सांगितलें तेव्हां, विरोधकांचा धीर सुटला. ७ फेब्रुवारीला १०६ विरुद्ध ९३ मतांनीं ठराव गुंडाळण्यांत आला, आणि ॲडम्स लगेच उरलेले अर्ज सादर करूं लागला. व्हर्जिनियाचा वाइज हा त्याचा हाडवैरी. दक्षिणेच्या गुलामगिरीला याच्याइतका चतुर शत्रु कधीं झाला नाहीं, अशी कबुली अखेर त्यालाही द्यावी लागली.

आणखी दोन वर्षें. ३ डिसेंबर १८४४ रोजीं १०८ विरुद्ध ८० मतांनीं तो नियम रद्द झाला. आठ वर्षांपूर्वीं अवघीं ६८ मतें पडलीं होतीं! ॲडम्सनें रोजनिशींत ईश्वराचे आभार मानले.

गुलामगिरीविरोधी संस्थांना मात्र हा कधींच आपला पुरता वाटला नाहीं. राजधानीच्या जिल्ह्यांत गुलामगिरी ताबडतोब बंद करण्याला तो मत देईना, म्हणून ते त्याच्यावर रुष्ट असत. १८३९ मध्यें त्यानें घटनेंत अशी दुरुस्ती सुचविली कीं, ४ जुलै १८४२ नंतर जन्मलेलें मूल गुलाम समजलें जाऊं नये. कोणी तिचा विचारही केला नाहीं. दुसरी एक गोष्ट त्यानें १८३६ पासून सभागृहांत सांगितली होती: युद्ध किंवा बंड उद्भवल्यास युद्धाच्या अधिकारांत सरकारला गुलाम मुक्त करतां येतील. त्या वेळीं ती वकिली कसरत वाटली. १८६३ सालीं लिंकननें मुक्तीचा जाहीरनामा काढला तो युद्धकालीन अधिकाराच्या याच पायावर. वीस वर्षें जें वहींत मिटून ठेविलें तें म्हातारपणीं उघड बोलण्याचें धैर्य त्याला कोठून आलें, याचें उत्तर मला तरी सरळ दिसतें. अध्यक्ष व्हावयाचें होतें तोंवर त्याला दक्षिणेचीं मतें हवीं होतीं. १८३१ नंतर प्लिमथच्या शेतकऱ्यांखेरीज कोणाचींच नकोत. हें कौतुक आहे तसा ठपकाही आहे, आणि दोन्ही त्याच्या नांवें मांडले पाहिजेत.

वेधशाळेचा नादही त्यानें सोडला नव्हता. शहात्तराव्या वर्षीं, १८४३ च्या नोव्हेंबरांत, थंडीवाऱ्यांतून लांबचा प्रवास करून तो सिनसिनाटीला गेला आणि तेथील वेधशाळेची कोनशिला त्यानें बसविली. स्मिथसन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें ज्ञानप्रसारासाठीं ठेविलेली पांच लक्ष डॉलरांहून मोठी देणगी राजकारण्यांच्या हातीं उधळली जाऊं नये म्हणून तो वर्षानुवर्षें झगडला. तिच्यांतून १८४६ सालीं स्मिथसोनियन संस्था उभी राहिली.

त्याच सालीं मेक्सिकोशीं युद्ध पुकारण्यांत आलें. प्रतिनिधिगृहांत १७४ मतें युद्धाच्या बाजूनें पडलीं, १४ विरुद्ध. त्या चौदांत ॲडम्स होता. २१ फेब्रुवारी १८४८ रोजीं त्या युद्धांतील सेनापतींच्या गौरवाचा ठराव सभागृहापुढें आला. ॲडम्सनें मोठ्यानें ‘नाहीं’ म्हटलें. थोड्याच वेळानें तो उठावयास गेला आणि आपल्या जागेवरच कोसळला. त्याला उचलून सभापतीच्या खोलींत नेलें. तेथें दोन दिवसांनीं, २३ फेब्रुवारीला, त्याचा प्राण गेला. अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या समितींत इलिनॉय संस्थानांतून नुकताच निवडून आलेला एक उंच, फारसा कोणाला ठाऊक नसलेला सभासद होता. त्याचें नांव अब्राहम लिंकन. शवपेटीच्या मानकऱ्यांमध्यें कॅलहून होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर ॲडम्सबरोबर घरीं चालत गेलेला तोच कॅलहून, आतां गुलामगिरीच्या पक्षाचा सर्वांत मोठा पुढारी.